घर खायला उठते: एका कथेच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी

आजपासून या वहीत एका कथेच्या कामाची नोंद ठेवायची आहे. कथा साधारण तीन हजार शब्दांची असावी, ती जादुई वास्तववादाच्या रीतीने, म्हणजे अशक्य घटना रोजच्या जगातली साधी गोष्ट असल्यासारखी सांगत, लिहावी, आणि लिहिता लिहिता या रीतीत प्रतीक नेमके कसे तयार होते ते स्वतःपुरते तपासून पाहावे, असा हेतू आहे. सुरुवात एका वाक्प्रचारापासून झाली. जिवाभावाचे माणूस गेले की मागे राहिलेला माणूस म्हणतो, ‘घर खायला उठते.’ आपण हे इतक्या सहज बोलतो की त्यातले ‘खाणे’ आणि ‘उठणे’ कुणाच्या डोळ्यांसमोर येतच नाही. पत्नीच्या मृत्यूनंतर एकट्या राहणाऱ्या एका निवृत्त हिशेबनिसाचे घर खरोखरच वस्तू खाऊ लागले तर पुढे काय होईल, एवढेच बीज सध्या हाती आहे.

एक धोका पहिल्याच दिवशी दिसतो आहे. वाक्प्रचाराचा अर्थ वाचकाला आधीच ठाऊक असल्यामुळे कथा सुरू होण्यापूर्वीच तिचे उत्तर फुटलेले असेल. म्हणून हा वाक्प्रचार कथेत कुठेही, कोणाच्याही तोंडी येऊ द्यायचा नाही, असा पहिला नियम आज ठरवला.

९ जानेवारी

संज्ञेचा इतिहास पाहण्यात दोन दिवस गेले. ‘जादुई वास्तववाद’ हा शब्द साहित्यात चित्रकलेतून आला. जर्मन कलासमीक्षक फ्रान्झ रोह यांनी १९२५ मध्ये अभिव्यक्तिवादानंतरच्या चित्रांविषयी लिहिताना तो वापरला आणि १९२७ मध्ये माद्रिदच्या ‘रेव्हिस्ता दे ओक्सिदेन्ते’ या नियतकालिकातून तो स्पॅनिशमध्ये पोहोचला. पुढे १९४८ मध्ये व्हेनेझुएलाचे लेखक आर्तुरो उस्लार पिएत्री यांनी तो आपल्या देशातल्या कथेला लावला, आणि १९५५ मधील समीक्षक आनहेल फ्लोरेस यांच्या निबंधापासून स्पॅनिश अमेरिकेतल्या कथावाङ्मयाच्या चर्चेत तो रुळला.

सनावळीपेक्षा मला महत्त्वाची वाटली ती रोह यांच्या मूळ कल्पनेतली एक गोष्ट. त्यांना अभिप्रेत असलेल्या चित्रांत भुते किंवा चमत्कार असण्याची गरज नव्हती. साधी वस्तू इतक्या स्वच्छ आणि स्थिर नजरेने रंगवायची की तिचे तिथे असणेच नवलाचे वाटू लागावे, ही ती जादू होती. कथेत या संज्ञेचा अर्थ बदलला, अशक्य घटना तिच्यात आली, पण वस्तूकडे पाहण्याची ती स्वच्छ नजर सुटली तर मागे उरते ती निव्वळ परीकथा. माझ्या घराने काय खाल्ले याआधी ते घर कसे दिसते, हे मला माहीत असायला हवे.

१५ जानेवारी

पहिला खर्डा पूर्ण झाला आणि तो फसला आहे.

त्यात घर फक्त पत्नीच्या वस्तू खाते. आधी फणी जाते, मग चष्मा, मग लुगड्यांची घडी, आणि शेवटी तिचा फोटो. दोन मित्रांना वाचायला दिला. दोघांनीही वाचून झाल्यावर लगेच विचारले, ‘म्हणजे घर हे विस्मरणाचे प्रतीक आहे ना?’ त्यांनी हे कौतुकाने विचारले होते, मला मात्र ते ऐकून वाईट वाटले. कथा वाचून माणसाला तिचा अर्थ एका शब्दात सांगता आला आणि तो सांगितल्यावर कथेची गरजच उरली नाही, तर मी लिहिले ते कोडे होते. फणी, चष्मा, लुगडी, फोटो ही यादीच मुळी अर्थ आधी ठरवून त्याच्यासाठी गोळा केलेली होती, आणि घराला स्वतःची भूक नव्हतीच. ते माझ्या सांगण्यावरून खात होते.

१८ जानेवारी

कोलंबियाचे कथाकार गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांची १९६८ मधील, प्रचंड पंख असलेल्या म्हाताऱ्याची कथा आज पुन्हा वाचली आणि या वेळी केवळ व्यवहाराच्या नजरेने वाचली. म्हणजे अर्थ बाजूला ठेवून, त्या पंखवाल्या म्हाताऱ्यामुळे त्या घरात रोज काय काय करावे लागते, याचीच यादी केली.

तो अंगणातल्या चिखलात पालथा पडलेला सापडतो, कारण पंखांमुळे त्याला उठता येत नाही. त्याला कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवले जाते. त्याच्या पंखांत किडे झालेले आहेत आणि तोंडात दात जेमतेम उरले आहेत. पाद्री येऊन त्याच्याशी लॅटिनमध्ये बोलून पाहतो आणि देवाची भाषा याला कळत नाही म्हणून संशय घेतो. घराची मालकीण एलिसेंदा गर्दीला कंटाळून कुंपण घालते आणि पाहणाऱ्यांकडून पाच-पाच सेंट घेऊ लागते. त्या पैशांतून दुमजली घर उभे राहते. डॉक्टर तपासतो तेव्हा त्याला पंख असण्याचे आश्चर्य वाटत नाही, ते त्या शरीराला इतके साजून दिसतात की इतर माणसांना ते का नसावेत, असा त्याला प्रश्न पडतो. आणि शेवटी तो उडून जातो तेव्हा एलिसेंदा स्वयंपाकघरात कांदा चिरत असते.

ही यादी वहीत उतरल्यावर पहिल्या खर्ड्याची चूक लख्ख दिसली. त्या कथेत चमत्काराला वास आहे, देखभाल आहे, खर्च आहे, उत्पन्न आहे. म्हातारा देवदूत आहे की नाही हे कथा कधीच सांगत नाही, पण खुराडे साफ कोण करते हे सांगते. त्या म्हाताऱ्याकडे आपण दया, श्रद्धा, स्थलांतर, वार्धक्य अशा कितीतरी अर्थांनी पाहू शकतो, आणि त्यातला एकही अर्थ त्याला पुरून उरत नाही, कारण त्याच्या अंगावरचे किडे कोणत्याच अर्थात बसत नाहीत. प्रतीक जिवंत राहते ते अर्थात न मावणाऱ्या अशा ऐवजामुळे, असे मला आज पहिल्यांदा स्पष्ट वाटले.

२२ जानेवारी

लिखाण झाले नाही. फक्त एक प्रश्न लिहून ठेवतो: घर काय खात नाही?

२७ जानेवारी

मार्केझ यांचीच, प्रकाश पाण्यासारखा असतो ही कल्पना घेऊन लिहिलेली छोटी कथा माझ्या कामाच्या फार जवळची आहे, कारण तिचा जन्मही एका बोलण्यातून होतो. बटण दाबले की दिवा का लागतो, या मुलांच्या प्रश्नाला निवेदक सहज उत्तर देतो की प्रकाश पाण्यासारखा असतो, नळ सोडला की येतो. मुले ही उपमा शब्दशः घेतात. आईवडील बाहेर गेले की माद्रिदमधल्या पाचव्या मजल्यावरच्या घरात दिव्याचा पेटता गोळा फोडतात, सोनेरी प्रकाश वाहू देतात, तो चार वीत साचला की वीज बंद करतात, आणि खोलीखोलीतून होडी चालवतात.

‘चार वीत’ या मोजमापाने मला थांबवले. त्या मुलांना होडी तरंगण्यापुरती खोली हवी आहे, म्हणून त्यांनी मोजून प्रकाश घेतला आहे. मार्केझ एका मुलाखतीत म्हणाले होते की हत्ती उडतात असे सांगितले तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण चारशे पंचवीस हत्ती उडत आहेत असे सांगितले तर ठेवतील. हे विधान नेहमी उद्धृत होते आणि त्यातून नवे लेखक आकडे पेरायला शिकतात. माझ्याही पहिल्या खर्ड्यात ‘अकरा वाजून सात मिनिटांनी’ असे होते, आणि ते शोभेचे होते. कथेतल्या कोणालातरी तो आकडा कशासाठीतरी लागला पाहिजे. माझा माणूस हिशेबनीस आहे. त्याला आकडे लागतातच! हे इतके दिवस माझ्या लक्षात कसे आले नाही, कळत नाही. तो वही करील.

२ फेब्रुवारी

या नोंदीचा विषय थोडा शास्त्रीय आहे, पण माझी गाठ याच जागी सुटली.

शब्दशक्तींच्या, म्हणजे शब्द अर्थ कसा पोहोचवतात याच्या, चर्चेत ‘गंगेवर गवळीवाडा’ हे प्रसिद्ध उदाहरण येते. प्रवाहावर वाडा असू शकत नाही, म्हणून मुख्यार्थाला, म्हणजे शब्दशः अर्थाला, बाध येतो, लक्षणेने ‘गंगेच्या काठावर’ असा अर्थ घेतला जातो, आणि त्यापलीकडे शीतलता आणि पावित्र्य व्यंजनेने सुचते. ‘घर खायला उठते’ हेही असेच चालते. घर खाऊ शकत नाही, मुख्यार्थ कोसळतो, आणि आपण एकटेपणाकडे वळतो. माझा पहिला खर्डा वाचणाऱ्यांनी नेमके हेच केले, कारण मी त्यांच्यासाठी मुख्यार्थ उभाच ठेवला नव्हता.

नवव्या शतकातल्या आनंदवर्धनांनी ‘ध्वन्यालोका’त ध्वनीचे, म्हणजे सुचवलेल्या अर्थाचे, दोन मुख्य प्रकार सांगितले आहेत. अविवक्षितवाच्य ध्वनीत वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ, बोलणाऱ्याला अभिप्रेतच नसतो. विवक्षितान्यपरवाच्य ध्वनीत वाच्यार्थ पुरता अभिप्रेत असतो, तो आपल्या जागी ठाम राहतो, आणि तरीही तो दुसऱ्या कशाकडे तरी झुकलेला असतो. जादुई वास्तववादातले प्रतीक मला या दुसऱ्या प्रकाराजवळचे वाटते. गंगेच्या प्रवाहावर खरोखरच वाडा बांधायचा, गुरे तिथे कशी बांधतात आणि पूर आला की दावी कशी लांब करतात हे सांगायचे, आणि वाचकाला काठावर पळून जायला जागा ठेवायची नाही. शीतलता सुचायची असेल तर ती त्या ओल्या दाव्यांतून सुचेल.

रूपककथेशी, म्हणजे जिथे सबंध गोष्ट दुसऱ्याच एका अर्थासाठी उभी असते तिच्याशी, असलेला फरकही इथेच आहे. मराठीत जी. ए. कुलकर्णी यांच्या अनेक कथांना समीक्षेने रूपककथा म्हटले आहे. त्यांची चांगली कथा त्या नावात मावत नाही हे खरे, पण ती वाट वेगळी आहे. तिथले प्रदेश आणि प्रवासी सुरुवातीपासूनच नेहमीच्या जगाबाहेर उभे असतात. मला मात्र हिशेबनिसाच्या घरातून बाहेर पडायचे नाही.

८ फेब्रुवारी

दुसरा खर्डा सुरू केला. आधी घराचे नियम ठरवले. घर एका रात्रीत एकच वस्तू खाते. लाकडाला त्याला दोन रात्री लागतात, धातूला एक. माणसाच्या अंगाला टेकलेली वस्तू ते खात नाही, त्यामुळे तो झोपतो ती खाट शाबूत आहे. काच ते खात नाही. वस्तू कोणाची आहे याच्याशी घराला काही देणेघेणे नाही. हा शेवटचा नियम मी अधोरेखित केला आहे.

वहीतला एक भाग आज लिहून झाला, तो इथे उतरवतो:

‘मंगळवार. चमचा, लहान. वजन २१ ग्रॅम. रात्री कपाटाच्या पुढ्यात ठेवला होता, पहाटे नाही. तिथली फरशी तळहाताएवढ्या जागेत कोमट लागली, बाकी गार. बुधवार. खुंटी, लाकडी, एक. सकाळी निम्मी शिल्लक, कडा ओलसर, दातांच्या खुणा नाहीत. गुरुवार. तीच खुंटी. शिल्लक नाही.’

चमत्कार पाहून तो घाबरत नाही, त्याची नोंद करतो, हे मला आवडले. ‘दातांच्या खुणा नाहीत’ हे लिहिण्यासाठी तो कंदील घेऊन गुडघ्यांवर बसला असणार, ते वेगळे सांगावे लागत नाही.

११ फेब्रुवारी

पत्नीचा चष्मा या खर्ड्यातही आला, पण मी त्याला बोलावले नव्हते. नियमांनुसार एका रात्री पाळी त्याच्यावर आली. धातूची दांडी गेली आणि काच घर खात नसल्यामुळे सकाळी कोमट फरशीवर दोन भिंगे शेजारी शेजारी पडलेली राहिली, पूर्वी कधी नव्हती इतकी स्वच्छ. तो ती उचलतो, एक डोळ्यासमोर धरतो आणि भिंतीकडे पाहतो. भिंतीवर, पत्नी जिथे डोके टेकून बसायची तिथे, तेलाचा डाग आहे. भिंगातून तो डाग मोठा दिसतो. एवढेच लिहिले आणि थांबलो.

पहिल्या खर्ड्यात चष्मा नाहीसा झाला होता आणि वाचकाला ‘विस्मरण’ एवढेच मिळाले होते. इथे भिंगे राहिली, आणि त्यांचा अर्थ काय असे मला कोणी विचारले तर मला सांगता येणार नाही, पण ती तिथून हलवताही येणार नाहीत. काच न खाण्याचा नियम मी केला तेव्हा चष्मा माझ्या डोक्यातही नव्हता.

१९ फेब्रुवारी

घर हा विषय घेतल्यावर अर्जेंटिनाचे कथाकार हुलिओ कोर्तासार यांच्या ‘बळकावलेल्या घरा’ला टाळून पुढे जाता येत नाही. १९४६ मध्ये तिथलेच लेखक बोर्हेस यांच्या संपादनाखालच्या नियतकालिकात ही कथा प्रथम आली. भाऊ आणि बहीण वडिलोपार्जित मोठ्या घरात राहतात. एका रात्री मागच्या खोल्यांतून अस्पष्ट आवाज येतो, तो भाग ‘घेतला गेला’ म्हणून ते दार लावून घेतात आणि उरलेल्या भागात राहू लागतात. कोणी घेतला, हे दोघेही विचारीत नाहीत. पुढे उरलेला भागही जातो आणि ते रस्त्यावर येतात.

अर्जेंटिनातल्या पेरॉन राजवटीचे प्रतीक म्हणून ही कथा पुष्कळदा वाचली गेली. कोर्तासार यांनी मात्र ती आपल्याला पडलेल्या एका दुःस्वप्नातून आल्याचे सांगितले आहे. माझ्या मते दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, आणि याचे कारण एका तपशिलात आहे. शेवटी बाहेर पडताना बहिणीच्या हातात विणकाम असते, त्याचे धागे दाराखालून पलीकडे गेलेले असतात, आणि लोकरीचे गुंडे त्या बाजूला राहिले हे लक्षात येताच ती हातातले विणकाम न पाहताच सोडून देते. राजकारण, वर्ग, भावाबहिणीचे कोंडलेले नाते, असा कोणताही अर्थ त्या धाग्याला बांधता येतो, पण धागा मुळात ताणला गेला आहे तो लोकरीचा गुंडा पलीकडे राहिल्यामुळे.

माझी कथा या कथेची छाया होऊ नये याची मला काळजी होती. ती आता कमी झाली, कारण तिथली माणसे घर सोडत जातात आणि माझा माणूस घराला भरवू लागला आहे. कालच्या पानांत तो स्वतःच्या सदऱ्याची बटणे तोडून रोज एक ठेवू लागला. आधी वजन करतो, मग ठेवतो.

२५ फेब्रुवारी

मुलीचे पात्र आणावे की नाही, यावर आठवडा गेला. ती सुटीत येते, वस्तू कमी झालेल्या पाहते आणि चोरी झाली असे समजते.

या संदर्भात क्यूबाचे कादंबरीकार आलेहो कार्पेन्तिएर उपयोगी पडले. हैतीच्या प्रवासानंतर लिहिलेल्या १९४९ च्या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्यांनी ‘अद्भुत वास्तव’ ही कल्पना मांडली आणि त्या अद्भुताला श्रद्धेची पूर्वअट असते असे म्हटले. त्याच कादंबरीत माकांदाल या बंडखोर गुलामाला जाळले जाते तेव्हा गुलामांच्या गर्दीला तो बंधने तोडून उडून गेलेला दिसतो, आणि त्याला पुन्हा पकडून आगीत लोटल्याचे फार थोडे जण पाहतात. त्या प्रसंगाची ताकद दोन नजरा एकाच चौकात उभ्या असण्यात आहे.

पण माझ्या कथेत मुलगी आली की वाचक लगेच तराजू काढतो: म्हातारा भ्रमिष्ट आहे की घर खरोखर खाते? समीक्षक त्स्वेतान तोदोरोव यांनी १९७० मध्ये याच दोलायमानतेला ‘फँटास्टिक’ या साहित्यप्रकाराचे मर्म मानले होते. ती एक उत्तम रीत आहे, पण ती दुसरी आहे. समीक्षक अमरिल शनादी यांनी १९८५ मध्ये फँटास्टिक आणि जादुई वास्तववाद यांतला फरक दाखवताना लेखकाच्या मौनावर भर दिला: निवेदक अशक्य घटनेचे समर्थन करीत नाही, तिच्याविषयी शंका घेत नाही, खुलासाही देत नाही. मी मुलीला ठेवले, परंतु तिचा संशय काढला. आता ती येते, रात्री राहते, सकाळी कोमट फरशीला पाय लागतो, आणि ती म्हणते, ‘बाबा, इथे चटई तरी टाका.’

४ मार्च

काटछाट. ‘जणू’ हा शब्द सतरा ठिकाणी होता, तो सगळीकडून काढला. ‘जणू घर श्वास घेत होते’ असे लिहिले की मी स्वतःच मुख्यार्थाला बाध आणतो. ‘विचित्र’, ‘गूढ’, ‘अनाकलनीय’ हेही गेले. मार्केझ आपल्या आजीविषयी सांगत की ती अत्यंत अद्भुत गोष्टी चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगे, आणि तो स्वर सापडल्यावरच आपल्याला लिहिता आले. माझ्या बाबतीत तो स्वर त्या वहीत आहे, त्यामुळे निवेदकाची वाक्येही वहीच्या जवळ आणली. एक लांब परिच्छेद, पत्नीच्या आजारपणाचा, पूर्ण काढून टाकला. तो चांगला उतरला होता, पण तो घराच्या भुकेचे कारण सांगत होता.

१३ मार्च

कथा मोठ्याने वाचून दाखवली. ऐकणारे जानेवारीतलेच दोन मित्र होते. या वेळी शेवट असा होता: तो रोजच्यासारखा भिंतीकडे, त्या डागाकडे, तोंड करून कुशीवर झोपतो आणि वहीत शेवटची नोंद कोरी राहते.

वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने विचारले, ‘तो वजनकाटा कुठे ठेवतो रात्री?’ मी म्हणालो, टेबलावर. तो म्हणाला, ‘कसे शक्य आहे? काटा धातूचा आहे, घर एका रात्रीत खाऊन टाकील. हिशेब ठेवणारा माणूस काटा असा उघड्यावर ठेवणार नाही.’ दुसऱ्यानेही मान हलवली, आणि दोघे काटा कुठे ठेवता येईल यावर एकमेकांशी वाद घालू लागले. घर कशाचे प्रतीक आहे, हे त्यांनी विचारले नाही. मी वही उघडून त्यांचे बोलणे टिपून घेत बसलो.

१४ मार्च

मित्राचे बरोबर आहे. घराच्या नियमांनुसार काटा सुरक्षित राहील अशी एकच जागा आहे, ती म्हणजे माणसाचे अंग. म्हणजे पहिल्या चमच्यानंतर तो रोज रात्री काटा छातीवर घेऊन झोपत असला पाहिजे. पण छातीवर काटा असेल तर त्याला कुशीवर वळता येणार नाही, उताणेच झोपावे लागेल, आणि मग इतक्या रात्रींत त्याने भिंतीकडे, त्या डागाकडे तोंड केलेलेच नाही. माझा शेवट चुकीचा होता. ‘रोजच्यासारखा’ हा शब्द तर साफ खोटा होता.

त्याला कुशीवर वळायचे असेल तर आधी काटा खाली ठेवावा लागेल. खाटेशेजारच्या फरशीवर, हात पोहोचेल इतक्या अंतरावर, तो ठेवेल. ठेवण्यापूर्वी एकदा काट्याचे वजन कशाने करावे असा विचार त्याच्या मनात येईल, आणि त्यासाठी दुसरा काटा घरात नाही. वहीत त्या रात्रीच्या रकान्यात वस्तूचे नाव येईल, वजन येणार नाही. मग तो भिंतीकडे वळेल.

ते पान आज रात्री लिहायला घेतो आहे. मधल्या चार ठिकाणी त्याचे उताणे झोपणेही आधीपासून पेरावे लागेल. पान सहा, पान आठ, मुलगी येते ते पान, आणि भिंगांची सकाळ.